चित्र कोठें अडलें?



"आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आग लागली आहे तेथें पाणी न नेतां जो भलतीकडेच धांवाधांव करितो, त्याला उद्देशून ती आहे. मोबाइलवर अथवा संगणकावर धड्याचा व्हिडीओ पाहतांना तो मध्येंच अडला, म्हणजे घरोघरीं जी धांवाधांव होते ती पाहून आम्हांस या म्हणीचें हटकून स्मरण होतें. कोणी फोन तळहातावर आपटतो, कोणी कंपनीच्या नांवानें बोटें मोडतो, कोणी पुन्हां रिचार्ज करितो, आणि कोणी तर मुलालाच दोष देऊन मोकळा होतो. चित्र कोठें अडलें हें मात्र कोणी पाहत नाहीं. तें कसें पाहावें, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. मार्च 2020 मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि जूनमध्यें नवें वर्ष सुरू झालें तें बव्हंशीं मोबाइलवरच. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडावरून दीक्षा ॲपवरील धडे उघडूं लागले, शिक्षक व्हिडीओंचे दुवे पाठवूं लागले, आणि 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दिसूं लागली. आपल्या बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्या वर्षींही तीं गेलीं. ज्या घरीं एकच बरा फोन होता, तो आईबापांबरोबर फडावर गेला. मागें आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलांच्या हातीं कोनाड्यांत पडलेला जुना फोन आला.

धारूर तालुक्यांतील अशाच एका घरांत नववींत शिकणारी एक मुलगी होती. जुन्या फोनवर धड्याचा व्हिडीओ कांहीं केल्या लागेना. दुवा दाबला कीं पडदा भरून एक लाल चिन्ह व इंग्रजी मजकूर येई, आणि ती घाबरून मागें फिरे. दोन आठवडे असे गेले. "फोन मेला, आतां शेळी विकून नवा घेऊं," असें आजोबांनीं ठरविलें. बाजाराच्या आदल्या दिवशीं तिनें तो फोन आमच्यापुढें ठेवला. आम्हीं फक्त इतकेंच केलें, कीं तो मजकूर तिलाच मोठ्यानें वाचावयास सांगितला. त्याचा अर्थ होता, "तुमचें घड्याळ मागें आहे." फोन कित्येक महिने बंद पडून बॅटरी पार उतरल्यामुळें त्याची तारीख काहीं वर्षें मागें गेली होती. ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरील पानें उघडून दाखविणारा प्रोग्राम, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचें प्रमाणपत्र तारखेवरून तपासून घेतो. त्या फोनच्या लेखीं प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. म्हणून तो दार उघडीत नव्हता. सेटिंगमध्यें जाऊन तारीख आपोआप लागेल असें केलें, आणि अर्ध्या मिनिटांत बीजगणिताचा धडा बोलूं लागला. शेळी दावणीलाच राहिली. परंतु ते दोन आठवडे परत आले नाहींत. रोगाचें नांव पडद्यावर लिहिलेलें असूनही तें वाचलें न गेल्यामुळें हें झालें, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. व्हिडीओ आपल्यापर्यंत येतो कसा, हें कळल्यावांचून तो अडतो कां, हें कळणार नाहीं.

चलच्चित्र म्हणजे सेकंदाला साधारण पंचवीस-तीस स्थिर चित्रांची मालिका होय. लहानशा, म्हणजे रुंदींत 640 व उंचींत 360 ठिपक्यांच्या चित्राचा हिशेब करा. एका चित्रांत 2,30,400 ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास 3 बाइट धरल्यास एका चित्रास 6,91,200 बाइट लागतील, आणि सेकंदाला 25 चित्रें धरल्यास 1,72,80,000 बाइट, म्हणजे सुमारें 138 मेगाबिट होतील. एवढा भार आपल्या गांवच्या टॉवरवरून नेणें शक्य नाहीं. म्हणून पाठविणारा संगणक तें चित्र आधीं दाबून लहान करितो. फळ्यापुढें शिक्षक उभे आहेत. क्षणापूर्वींच्या व आतांच्या चित्रांत फळा तोच, भिंत तीच, फक्त हात हलला आहे. मग सबंध चित्र पुन्हां कां पाठवावें? जेवढा फरक झाला तेवढाच पाठविला जातो. अशा युक्तींनीं 138 मेगाबिटांचें काम 1 मेगाबिटाच्याही आंत भागतें. हें दाबण्याचे व उलगडण्याचे जे नियम आहेत, त्यांस 'कोडेक' म्हणतात. 2003 मध्यें आलेला एच. 264, 2013 चा व्हीपी 9 व 2018 चा एव्ही 1 हे त्यांपैकीं प्रमुख होत.

दुसरी गोष्ट अशी, कीं व्हिडीओ एकसंध येत नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांनीं सुमारें 40 फूट लांब कापडावर लिहिलेली पासोडी आहे. ती वाचावयाची तर सबंध कापड हातीं पाहिजे. व्हिडीओचें तसें नाहीं. त्याचे काहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे करून ते क्रमानें पाठविले जातात. पहिला तुकडा आपण पाहत असतांना पुढचे तुकडे येऊन ब्राउझरमध्यें सांठत असतात. या सांठ्यास 'बफर' म्हणतात.

हा सांठा समजून घेण्यास आपल्या बीडच्या खजाना विहिरीइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत बांधलेल्या या विहिरींत भुयारी वाटांनीं पाणी येतें, आणि दुसऱ्या भुयारी वाटेनें तें बाहेर शेतांकडे जातें. शेत कोरडें पडलें, तर शहाणा शेतकरी आधीं विहिरींत डोकावेल. विहीर आटली असेल तर दोष येणाऱ्या वाटेचा. विहीर भरलेली असून शेतांत पाणी नसेल तर दोष जाणाऱ्या वाटेचा. व्हिडीओचेंही नेमकें असेंच आहे, आणि त्या विहिरींत डोकावण्याची सोय पडद्यावरच केलेली असते. व्हिडीओच्या खालच्या पट्टींत एक रंगीत रेघ आपण कोठवर पाहिलें तें दाखविते, आणि तिच्या पुढें एक करडी रेघ किती भाग येऊन सांठला आहे तें दाखविते. करडी रेघ रंगीत रेघेस चिकटून थांबली असेल, तर विहीर आटली, म्हणजे पुरवठा कमी पडतो. करडी रेघ बरीच पुढें गेली असून चित्र अडखळत असेल, तर पाणी भरपूर आहे, पण आपला फोन अथवा संगणक तें उपसूं शकत नाहीं. ही एक खूण ज्यानें ओळखली त्याचें निम्में काम झालें.

आतां एकेक लक्षण घेऊं.

पहिलें लक्षण, चाक फिरत राहणें. हें बहुधा पुरवठ्याच्या कमतरतेचें होय. यूट्यूबच्या मार्गदर्शनाप्रमाणें 360 दर्जाच्या चित्रास सेकंदाला सुमारें 0.7 मेगाबिट गति लागते. 480 ला 1.1, 720 ला 2.5 आणि 1080 ला 5 मेगाबिट. अनेक डेटा-योजनांत दिवसाचा वांटा संपल्यावर इंटरनेट बंद होत नाहीं, पण गति 64 किलोबिटांवर येते. म्हणजे जेथें 700 हवे तेथें 64 मिळतात; एका मिनिटाच्या चित्रास सुमारें अकरा मिनिटें थांबावें लागेल! अशा वेळीं फोन आपटून काय उपयोग? वांटा कसा संपतो तोही हिशेब पाहा. दिवसाला 1.5 जीबी मिळतात असें धरूं. वरील गतीच्या मानानें 1080 च्या चित्रांत ते 40 मिनिटांत संपतील. 360 च्या चित्रांत सुमारें पावणेपांच तास पुरतील. फळ्यावरील ठळक अक्षर वाचण्यास 360 चा दर्जा बहुधा पुरतो. म्हणून ज्या विद्यार्थ्यास धडा पाहावयाचा आहे त्यानें चक्राकृति सेटिंग-चिन्ह दाबून दर्जा आपण होऊन उतरवावा. आपोआप ठरण्यावर सोडूं नये. घरांत दुसऱ्या फोनवर कांहीं चालू आहे काय, अथवा त्याच फोनवर आंतल्या आंत ॲप अपडेट होत आहेत काय, हेंही पाहावें. कारण वाट एकच आणि पाणी नेणारे अनेक, अशी स्थिति पुष्कळदां असते. बालाघाटाच्या डोंगरकुशींतील गांवांत टॉवर व घर यांमध्यें टेकडी आली तर घराच्या एका कोपऱ्यांत रेंज नसते आणि माळवदावर ती उत्तम असते. म्हणून जागा बदलून पाहावी. संध्याकाळीं सर्व गांव एकाच टॉवरवर तुटून पडतें. पहाटे तोच व्हिडीओ सुरळीत चालतो. पहाटे उठण्याचा हा नवा फायदा विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा.

दुसरें लक्षण, सांठा भरलेला असून चित्र धक्के खात चालणें. येथें दोष उपसण्याचा. दाबलेलें चित्र उलगडणें हें यंत्रास कष्टाचें काम आहे. वीस पानें एकाच वेळीं उघडीं ठेवलीं असतील, फोन उन्हांत तापला असेल, अथवा बॅटरी वांचविण्याची सोय चालू असेल, तर त्याची शक्ति अपुरी पडते. बाकीचीं पानें बंद करावीं, फोन सावलींत थंड होऊं द्यावा, आणि दर्जा उतरवावा.

तिसरें लक्षण, आवाज येतो पण पडदा काळा अथवा हिरवा. आवाज व चित्र हे दोन वेगवेगळे प्रवाह असतात. त्यांपैकीं चित्राचा उलगडा होत नाहीं असा याचा अर्थ. ब्राउझर फार जुना असला तर नवा कोडेक त्यास कळत नाहीं. म्हणून तो अधिकृत ॲप-दुकानांतून अपडेट करावा. संगणकावर हें काम ब्राउझर चित्रासाठीं असलेल्या स्वतंत्र चिपेवर सोंपवितो; या सोयीस 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' म्हणतात. या दोघांचें जुळलें नाहीं तर पडदा काळा राहतो. ही सोय सेटिंगमध्यें बंद करून ब्राउझर पुन्हां सुरू करावा. फरक पडला नाहीं तर ती पूर्ववत् चालू करावी.

चौथें लक्षण, चित्र दिसतें पण आवाज नाहीं. हें ऐकून हंसूं नका, पण येथें 'कांखेंत कळसा आणि गांवाला वळसा' हाच प्रकार अधिक. व्हिडीओच्या पट्टींतील कर्ण्याच्या चिन्हावर काट मारलेली असते, अथवा फोन ब्लूटूथनें शेजारच्या खोलींतील कर्ण्यास जोडलेला असतो आणि आवाज तिकडे चाललेला असतो. शिवाय एप्रिल 2018 पासून क्रोम ब्राउझरनें आपोआप सुरू होणाऱ्या आवाजी व्हिडीओंस आळा घातला आहे. म्हणून अनेक संकेतस्थळें आपला व्हिडीओ मुद्दाम मुका सुरू करितात. कर्ण्याचें चिन्ह दाबलें कीं तो बोलूं लागतो.

पांचवें लक्षण, व्हिडीओ मुळींच सुरू न होणें. येथें मात्र क्रमानें गेलें पाहिजे. पडद्यावरील मजकूर प्रथम पूर्ण वाचावा. 'हा व्हिडीओ खाजगी आहे' अथवा 'काढून टाकला आहे' असें लिहिलें असेल तर आपल्या फोनांत कांहींही बिघडलेलें नाहीं, शिक्षकांस कळवावें. इंग्रजी अडत असेल तर ब्राउझरची भाषा मराठी करून घेतां येते. मजकूर नसेल तर पान पुन्हां लोड करावें. तरीही न चालल्यास तोच दुवा खाजगी खिडकींत, जिला इन्कॉग्निटो म्हणतात तींत, उघडून पाहावा. तेथें तो चालला तर दोष बहुधा ब्राउझरनें सांठवून ठेवलेल्या जुन्या खुणांचा, म्हणजे कुकीज व कॅशे यांचा, अथवा मागाहून जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो. जाहिराती अडविणारें एक्स्टेन्शन कधीं कधीं व्हिडीओलाच अडवितें. त्या संकेतस्थळापुरतें तें बंद करावें, व सांठा पुसून पाहावा. मात्र कुकीज पुसल्यावर पुन्हां लॉग-इन करावें लागतें. म्हणून आपला पासवर्ड ठाऊक असल्यावांचून त्या पुसूं नयेत.

या सर्वांवर एक सामान्य नियम सांगतों. चार प्रश्न क्रमानें विचारावे. दुसरा व्हिडीओ चालतो काय? चालला तर दोष त्या एका व्हिडीओचा. दुसरें संकेतस्थळ उघडतें काय? उघडलें तर दोष त्या संकेतस्थळाचा. दुसऱ्या ब्राउझरमध्यें चालतो काय? चालला तर दोष आपल्या ब्राउझरचा. याच इंटरनेटवर दुसऱ्या फोनांत चालतो काय? चालला तर दोष आपल्या फोनाचा; नच चालला तर पुरवठ्याकडे पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. वैद्यानें एकाच दिवशीं चार औषधें दिलीं आणि रोगी बरा झाला, तर कोणत्या औषधानें गुण आला हें त्यालाही कळणार नाहीं. प्रयोगशाळेंत आपण हाच नियम पाळतों. तो घरींही पाळावा, व काय केलें आणि काय झालें हें वहींत लिहून ठेवावें.

आतां पालकांसाठीं एक इशारा. पूर्वीं ब्राउझरला व्हिडीओ स्वतः दाखवितां येत नसे; त्यासाठीं फ्लॅश नांवाचा निराळा प्रोग्राम बसवावा लागे. 28 ऑक्टोबर 2014 रोजीं एचटीएमएल 5 हें मानक कायम झालें, आणि व्हिडीओ दाखविणें हें ब्राउझरचेंच काम झालें. जानेवारी 2015 मध्यें यूट्यूबनेंही तेंच मूळ साधन म्हणून स्वीकारलें. 31 डिसेंबर 2020 रोजीं फ्लॅशचा आधार संपला, आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यांतील मजकूर चालणेंही बंद करण्यांत आलें. तेव्हां आज एखाद्या पानावर "तुमचा प्लेअर जुना आहे, व्हिडीओ पाहण्यासाठीं येथें दाबून हा प्रोग्राम उतरवा," असें झळकलें तर तो सांपळा समजावा. तसेंच व्हिडीओ दुरुस्त करून देतों असें सांगून फोनवर ओटीपी मागणारा, अथवा आपला पडदा त्याला दिसेल असें ॲप बसविण्यास सांगणारा मनुष्य चोरच समजावा. ज्या फोनवर मुलाचा धडा असतो त्याच फोनवर बापाच्या उचलीचे व मजुरीचे पैसे जमा होणारें बँकेचें खातें असतें. अडलेला धडा उद्यां पाहतां येईल. गेलेला पैसा सहसा परत येत नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें, कीं अडलेल्या चित्रावरून मुलाची परीक्षा करूं नये. "तुला कांहीं येत नाहीं" असें म्हणणें सोपें आहे. परंतु टेकडीआड गेलेला टॉवर, संपलेला डेटा अथवा मागें पडलेलें घड्याळ हा त्या लेकराचा अपराध नव्हे. जवळ बसून "कोठें अडलें तें आपण दोघे पाहूं" असें म्हणणारा बाप अथवा आजोबा, त्याला स्वतःला वाचतां येत नसलें तरी, मुलाचा मोठा आधार होतो. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही घाबरून मागें फिरूं नका. पडद्यावर जें लिहिलें आहे तें शांतपणें वाचा. कळलें नाहीं तर कळणाऱ्यास विचारा. सर्व उपाय थकले तर फोन बाजूस ठेवून पाठ्यपुस्तक उघडा. त्याला रेंज लागत नाहीं.

ती धारूरची मुलगी पुढें गल्लींतील इतर मुलांचे फोन तपासूं लागली. कोणी फोन घेऊन आला कीं ती प्रथम एकच प्रश्न विचारी: "त्यावर काय लिहून आलें होतें, वाचलेंस कां?"